कागदपत्रं अपूर्ण आहेत

जालन्याच्या आमच्या कॉलेजात मी प्रवेश विभागात एकवीस वर्षं काढली. विभाग म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली, एक खिडकी, एक कॉम्प्युटर आणि तीन माणसं. खिडकीवर मी. कॉम्प्युटरवर रेणुका, जी आमच्याच कॉलेजात शिकली आणि इथेच नोकरीला लागली. आणि कागदपत्रं तपासायला खरात सर. त्यांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी मागची बाजू बघतात.

बारावीचा निकाल लागला की दीड-दोन महिने माणसं येत राहतात. बहुतेकांच्या पिशवीत एखादा कागद कमी असतो, आणि तो का कमी आहे याची गोष्ट असते. कागदांना फाइल आहे, फाइलींना कपाट आहे, कपाटाची किल्ली खरात सरांकडे आहे. गोष्टींची सोय कुणीच केलेली नाही, त्या मला घरी न्याव्या लागतात. माझा नवरा जेवताना ऐकून घेतो आणि विचारतो, "तुमच्याकडं कुणाची सरळ ॲडमिशन होती का न्हाई?"

होते की. रोज होतात. पण सरळ झालेल्या ॲडमिशनचं सांगणार काय?

*

अर्ज ऑनलाइन झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आरती नावाची मुलगी आली. नियम असा होता की पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येणार आणि तो दहा मिनिटांत टाकायचा. ज्यानं हा नियम केला त्याच्या डोळ्यांपुढचा पालक दिवसभर मोबाइल हातात धरून सोफ्यावर बसलेला असणार. आरतीचे वडील एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपाशी होते. तिथं मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर वॉचमनकडं ठेवावा लागतो.

आरतीनं चार वेळा फोन लावला. शेवटी वॉचमननं उचलला.

"काका, बाबांच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत. तेवढे वाचून दाखवता का?"

"आलेत. पर खाली लिव्हलंय, हा नंबर कुणालाच सांगू नका."

मी फोन घेतला. "दादा, मी कॉलेजातून बोलते."

"समदे असंच म्हणतात, मॅडम. मागच्या महिन्यात एक जण बँकेतून बोलला."

दहा मिनिटं गेली. दुसरा ओटीपी पाठवला. वॉचमन म्हणाला, थांबा, आरतीच्या बापाला विचारून येतो. कारखाना मोठा, त्यात त्यांना भट्टीजवळ जाऊ देईनात. ते परवानगी घेऊन परत आले तोवर दुसऱ्या ओटीपीचीही वेळ संपली होती. रेणुकानं सांगितलं की आता एकदाच प्रयत्न करता येईल, मग अर्ज चोवीस तास बंद. आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते वॉचमनला फोनवरून कळलं असावं. "रडू नको पोरी," ते म्हणाले, "माझाच नंबर टाक. माझा मोबाइल माझ्या खिशातच असतो."

त्यांचा नंबर टाकला. ओटीपी गेला आणि अर्ध्या मिनिटात त्यांनी सहाच्या सहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मी विचारलं, "आता कसे काय सांगितलेत?"

"आता तो माझा हाये. माझी मर्जी."

ॲडमिशन झाली. पण एकदा ओटीपी लागला की नंबर बदलता येत नाही. त्यामुळं पुढची तीन वर्षं कॉलेजचे सगळे मेसेज वॉचमनला जायचे. परीक्षेचा फॉर्म, सुट्टी, निकाल, सगळं. एकदा मला त्यांचा फोन आला.

"मॅडम, मेसेज आलाय. तुमचा पाल्य तीन दिवसांपासून गैरहजर आहे म्हणून. तुम्ही काळजी करू नका. तिच्या बापाला मी गेटवरच अडवलंय. बराबर कारण सांगितल्याबगर आत सोडत न्हाई."

*

नवं शैक्षणिक धोरण आलं तेव्हा विद्यापीठानं आम्हाला प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षणात कळलं की इथून पुढं विद्यार्थ्याला एक मेजर विषय असणार आणि एक मायनर. बाकीचं पुढच्या प्रशिक्षणात सांगणार होते, ते अजून झालेलं नाही.

त्या वर्षी शहागडकडचे अंकुशराव मुलाला, नितीनला घेऊन आले. नितीन झेरॉक्स काढायला बाहेर गेला आणि अंकुशराव रेणुकासमोर बसले. गर्दी होती, रेणुका स्क्रीनवरून मान वर न करता विचारत होती.

"मेजर कोणता?"

"मराठी म्हणून राह्यलाय पोरगा."

"मायनर?"

अंकुशराव सावरून बसले. हे त्यांना पक्कं माहीत होतं. "तीन नंबर."

रेणुकानं यादी पाहिली. तीन नंबरला भूगोल होता. "भूगोल ना? नक्की?"

"आता भूगोल म्हणा न्हाई तर काही म्हणा, तिथंच हाये. एकदम टेलला, पार शेवटी. दहा वर्षं झाली, पाणी म्हणून आलेलं न्हाई."

डाव्या कालव्याच्या शेतकऱ्याला मायनर म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणारी बारकी चारी. हे रेणुकाच्या लक्षात यायच्या आत तिनं बटण दाबलं होतं. नितीन झेरॉक्स घेऊन आला तेव्हा त्याला राज्यशास्त्राऐवजी भूगोल लागला होता. तो वडिलांकडं बघत राहिला. वडील म्हणाले, "मला इचारलं, मी सांगितलं."

दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. उत्तर आलं की दुरुस्तीची सुविधा लवकरच उपलब्ध करून देण्यात येईल. नितीन बिचारा भूगोलाच्या वर्गात जाऊन बसला. बसता बसता रमला. पुढं प्रकल्प करायचा आला तेव्हा त्यानं विषय घेतला, कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही. दोन महिने सायकलवर चारीच्या कडेकडेनं फिरला, नकाशे काढले, लोकांना भेटला. चाळीस पानांचा प्रकल्प झाला आणि त्याला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले.

अंकुशराव मुद्दाम कॉलेजात आले. त्यांनी भूगोलाच्या सरांना विचारलं, "काय निघालं शेवटी?"

सर कौतुकानं म्हणाले, "तुमच्या मुलानं सिद्ध केलंय, वरच्या भागातले लोक पाणी अडवतात."

अंकुशरावांनी प्रकल्प उलटसुलट करून पाहिला. "चांगलं केलं," ते म्हणाले. "पर हे त्यानं घरी इचारलं असतं तर मी जेवता जेवता सांगितलं असतं."

*

एकीकडं काही विषयांना यादी लावावी लागते आणि दुसरीकडं काही विषयांना माणूस मिळत नाही. आमच्याकडं तत्त्वज्ञान विभागात डॉ. मगरे एकटेच होते. विभागप्रमुख तेच, शिक्षक तेच, आणि पंखा बंद करायलाही तेच. त्या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं की प्रथम वर्षाला किमान चार विद्यार्थी नसतील तर विषय बंद होईल आणि मगरे सरांना दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागेल. सरांची आई अंथरुणाला खिळलेली. ते रोज सकाळी खिडकीपाशी येऊन विचारायचे, "मॅडम, किती?"

"तीन, सर."

दहा दिवस तीनच.

शेवटी सर म्हणाले, आपणच गावात जाऊ. मी फॉर्म घेऊन बरोबर गेले. जाफराबादपर्यंत एसटीनं, पुढं जीपनं. एका गावात कळलं की एका घरी बारावी पास झालेला मुलगा आहे. मुलगा नव्हता, आजोबा ओसरीवर बसले होते. चहा आला. सरांनी विषयाचं नाव सांगितलं.

"हे शिकून काय होतं?" आजोबांनी विचारलं.

दुसरा कुणी असता तर स्पर्धा परीक्षा म्हणाला असता. मगरे सर सरळ माणूस. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाबा, हे शिकलं की माणूस विचार करायला लागतो."

आजोबांनी मान हलवली. "मंग नको. आमचा आधीच विचार करत बसतोय. सोयाबीनमधलं तण तसंच हाये."

परत निघालो. फाट्यावर जीपमध्ये बसलो तर ती भरेना. ड्रायव्हर गजानन तिशीचा, स्टेअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला. अर्ध्या तासानं त्यानं मागं वळून विचारलं, सायेब कुठल्या खात्याचे? मी सगळं सांगितलं. तो सरांना म्हणाला, "पर त्याच्यात असतं काय?"

सर थकले होते. म्हणाले, "प्रश्न विचारायचे. उत्तर मिळालं की ते खरं आहे का म्हणून पुन्हा विचारायचं."

गजानन म्हणाला, "हे तर मी रोज करून राह्यलो, सर. गाडी भरल्याशिवाय हालता येत न्हाई. दोन दोन तास बसून विचारच तर करतो. बारावी आर्ट्स झाल्ती माझी."

जीपच्या बॉनेटवर फॉर्म भरला. चौथा विद्यार्थी मिळाला, विषय बंद व्हायचा वाचला. सरांनी आईला फोन करून सांगितलं.

पहिल्या तासाला सर वर्गात गेले तेव्हा गजानन एकटाच आलेला, शेवटच्या बाकावर. सर वेळेचे पक्के. त्यांनी फळ्यावर विषय लिहिला आणि बोलायला सुरुवात केली. गजाननानं हात वर केला.

"जल्दी करू नका, सर. भरू द्या."

*

खरात सरांचा एक नियम आहे. अर्जावरचा फोटो आणि समोरचा माणूस सारखा दिसला पाहिजे.

विशाल नावाच्या मुलाच्या फोटोत दाट केस होते आणि तो समोर उभा होता तो पूर्ण टक्कल केलेला. खरात सरांनी फोटो पुढं सरकवला. "हा फोटो अलीकडचा नाही."

"सर, मागच्याच महिन्यातला हाये. आज्जे वारले आमचे. दहाव्याला केस काढले."

"वाईट झालं. पण म्हणजे हा आत्ताचा चेहरा नाही."

विशाल गेला, स्टेशन रोडवरून टकलाचा फोटो काढून आला. खरात सरांनी तो पास केला. त्याच फोटोचं ओळखपत्र छापून आलं. परीक्षेपर्यंत विशालचे केस कानावर आले होते, आणि परीक्षेच्या हॉलवर बाहेरच्या कॉलेजातून आलेले पर्यवेक्षक त्याला आत सोडेनात. पेपर सुरू व्हायला सात मिनिटं. विशाल पळत आमच्या खोलीत आला, अंगाला घाम, हातात ओळखपत्र.

खरात सरांनी ओळखपत्र पाहिलं. त्याला पाहिलं. उठले, त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून केस मागं दाबले आणि पुन्हा पाहिलं. मग कोरा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, सही केली, गोल शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिला.

"सदर विद्यार्थी तोच आहे. केस नंतर आलेले आहेत."

*

बी.कॉम.च्या यादीत एका मुलाचं नाव वेटिंगला होतं. त्याचे आजोबा खिडकीवर आले. मी समजावून सांगितलं की वर्ग भरलाय, कुणी जागा सोडली तर तुमच्या नातवाला मिळेल.

"एसटी भरली तर उभ्यानं जाता येतंच की," आजोबा म्हणाले. "तसं घ्या."

"बाबा, तीन वर्षं उभं राहून कसं शिकणार तो?"

"त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. शाळेत बी तो जास्त करून उभाच असायचा."

*

बदनापूरजवळच्या एका गावातून सोनाली आणि मोनाली अशा जुळ्या बहिणी आल्या. सोबत आई. दोघींनी एकाच दिवशी अर्ज भरले. सोनालीचा झाला. मोनालीच्या अर्जावर लाल अक्षरांत आलं, हा अर्ज दुबार आहे.

रेणुकानं हेल्पडेस्कला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या माणसानं बराच वेळ टाइप केलं. मग म्हणाला, "सिस्टिमनं एक एंट्री बाद केली आहे. दोन्हींपैकी खरी कोणती, तेवढं मेल करा."

आई खिडकीतून आत वाकल्या. "खरी म्हंजे? दोन्ही मलाच झाल्यात."

"ताई, आई-वडील तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, शाळा तीच. मार्कही जवळपास सारखे. नावात फक्त एक अक्षर वेगळं. सिस्टिमला काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे," स्पीकरवरून आवाज आला.

खरात सरांनी विचारलं, "काय वेगळं आहे यांच्यात?"

आईंनी दोघींकडं नीट पाहिलं. "ही वांगं खाती. ही न्हाई खात."

अर्जात त्याला रकाना नव्हता. मोनाली तोवर एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "राहू द्या, मॅडम. सोनीला घ्या. मी पुढच्या वर्षी बघते." सोनाली म्हणाली, "मग माझं बी रद्द करा." आईंना काय करावं कळेना. जन्मल्यापासून दोघींना एकसारखं वागवत आल्या होत्या आणि आता तेच आडवं आलं होतं.

शेवटी हेल्पडेस्कवाल्यालाच सुचलं. एकीचा पत्ता वेगळा करता येईल का? मुलींचे मामा जाफराबादला. त्यांच्याकडून लाइट बिलाचा फोटो आला, मामा स्थानिक पालक झाले, आणि मोनालीचा पत्ता जाफराबाद झाला. सिस्टिमनं लगेच मान्य केलं. दोघी रोज एकाच एसटीनं, एकाच सीटवर बसून बदनापूरकडून यायच्या. कागदावर मात्र मोनाली येत होती जाफराबादहून.

वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी नवीन बक्षीस ठेवलं. सर्वांत लांबून येऊनही नियमित हजर राहणारी विद्यार्थिनी. यादी कॉम्प्युटरनं काढली. मोनालीचं नाव पुकारलं. ती घाबरून आमच्याकडं बघायला लागली, खरात सर छताकडं बघत होते. प्राचार्यांनी तिला शाल घातली आणि हजेरीपट समोर धरून म्हणाले, "ही मुलगी जाफराबादहून रोज येते. हिच्याच वर्गातली सोनाली बदनापूरहून, म्हणजे इथं जवळून येते, आणि तिची हजेरी एक दिवसानं कमी. सोनालीनं हिच्याकडून काहीतरी शिकावं."

सोनाली पहिल्या रांगेत होती. तिनं उठून नमस्कार केला. "हो सर. प्रयत्न करीन."

*

मागच्या वर्षीचं सांगते.

शेवटचा दिवस होता. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. साडेतीनला पूजा नावाची मुलगी आली, बरोबर तिची आई सुनीता. पूजाचे कागद इतके बरोबर होते की खरात सरांनी दोनदा तपासले. मी आईंना म्हणाले, इथं पालकाची सही करा. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात सही केली.

"झालं," मी म्हणाले. "पुढचे या."

पुढं कुणी आलं नाही. सुनीताताई तिथंच उभ्या. त्यांनी पिशवीतून दुसरी प्लॅस्टिकची फाइल काढली.

"आता माझा घ्या."

"कुणाचा?"

"माझा. बी.ए. पहिलं वर्ष. हिच्यासंगंच."

पूजाला ठाऊक नव्हतं. ती आईकडं बघायला लागली.

बारावीची मार्कशीट होती, लॅमिनेशन पिवळं पडलेलं. मध्ये एकोणीस वर्षांचा खंड. खंड असला की प्रतिज्ञापत्र लागतं, मधल्या काळात काय करत होतात त्याचं. तेही त्यांनी आणलं होतं. तहसीलपाशी टाइप करून देणाऱ्याकडं ठरलेला मजकूर असतो, 'मधल्या काळात मी कुठेही शिकत नव्हते व घरी रिकामी होते.' त्यातलं 'घरी रिकामी होते' पेनानं खोडलेलं होतं.

खरात सर म्हणाले, "खाडाखोड चालत नाही, ताई."

"मंग खोटं कसं लिहून देऊ? दोन लेकरं वाढवली, दीड एकर रान केलं, सात वर्षं झाली, एमआयडीसीत बियाणं निवडायला जाऊन राह्यले. मी रिकामी कधी होते ते कुणी मला बी सांगितलं न्हाई."

खरात सरांनी कागद उलटा केला. मागं काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला. मग खोडलेल्या जागेच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'खाडाखोड मान्य', आणि सही केली. एकवीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं.

चार वाजले. रेणुका अर्ज भरत गेली आणि एका ठिकाणी अडली. पालकाचं नाव आणि सही. ते रिकामं ठेवलं की पान पुढं जाईना.

"मिस्टरांचा नंबर सांगा," रेणुका म्हणाली.

"ते ट्रकवर हायेत, गुजरातकडं. सकाळपासून फोन लागत न्हाई."

मी विचारलं, "त्यांना माहीत आहे का, तुम्ही फॉर्म भरताय?"

"इचारलं न्हाई. इचारलं की ते 'बघू' म्हणतात. पूजाच्या येळी बी 'बघू' म्हणले. मंग मीच बघितलं."

त्यांचे वडील हयात नव्हते. भाऊ पुण्याला, तो फोन उचलेना. साडेचार झाले. सुनीताताई फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी त्यांना सांगणारच होते की पुढच्या वर्षी या. तेवढ्यात खरात सरांनी नियमांची पुस्तिका मागितली. पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "पालक म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबातील कोणतीही सज्ञान व्यक्ती."

त्यांनी ते वाक्य परत वाचलं, हळू. मग चष्म्यावरून पूजाकडं पाहिलं.

"जन्मतारीख काय तुझी?"

पूजाला वाटलं आपल्याच फॉर्ममध्ये काही निघालं. तिनं घाबरत सांगितली. मागच्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली होती.

"ये इकडं. सही कर."

रेणुकानं टाइप केलं. विद्यार्थ्याशी नाते: मुलगी. खाली हमीपत्र होतं, ते पालकानं वाचून सही करायची असते. पूजानं मोठ्यानं वाचलं, "माझ्या पाल्याच्या वर्तणुकीची व हजेरीची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर राहील." वाचून थांबली.

"आई, रोज यावं लागन."

"तू सही कर आधी."

पाचला नऊ मिनिटं कमी असताना अर्ज गेला. प्रिंट निघाली तेव्हा सुनीताताईंनी ती हातात घेऊन नाव वाचलं, मग पूजाला वाचायला दिलं, मग परत घेतलं. नवऱ्याला त्यांनी दिवाळीत सांगितलं. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही, तुम्हीही ओळखलं असेल.

वर्ग सुरू झाले. दुपारी शेवटचा तास झाला की सुनीताताई बियाण्याच्या प्लँटवर जायच्या, पूजा घरी. आमच्याकडं सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की पालकाच्या सहीचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही.

थंडी सुरू झाली होती. एक दिवस खरात सर दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांना एकच टाचणी लावलेली होती. "हे दोन्ही वाचा आणि सांगा काही त्रुटी आहे का," ते म्हणाले. "मला सापडत नाही."

पहिल्या कागदावर वळणदार अक्षर होतं.

'माननीय प्राचार्य साहेब, माझी पाल्य पूजा, बी.ए. प्रथम वर्ष, ही तापाने आजारी असल्यामुळे तीन दिवस वर्गात येऊ शकली नाही. तरी कृपया परवानगी द्यावी. सुनीता, पालक.'

मी टाचणी न काढता दुसरा कागद वर घेतला.

'माननीय प्राचार्य साहेब, माझी पाल्य सुनीता, बी.ए. प्रथम वर्ष, ही तीन दिवस वर्गात येऊ शकली नाही, कारण तिची मुलगी तापाने आजारी होती आणि घरी दुसरे कोणी नव्हते. मी तिला जा म्हणत होते, तिने ऐकले नाही. तरी या वेळी तिला क्षमा करावी. पूजा, पालक.'